एमएस, व्हिटॅमिन डी आणि ऊन: बसायचं तर कधी आणि किती?

प्रश्न

बहिणीला (वय ३४, नागपूर) रिलॅप्सिंग-रेमिटिंग एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस: नसांवरचं आवरण झिजतं, त्रास झटक्यांनी येतो-जातो) आहे. रक्तातलं २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी ११ नॅनोग्रॅम, म्हणजे बरंच कमी आलंय. न्यूरॉलॉजिस्टनी साठ हजार युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे घ्यायला सांगितली आहे. घरचे म्हणतात, रोज सकाळी सातला कोवळ्या उन्हात बस, औषध कशाला? पण उन्हातून आली की तिचे पाय जड होतात, डाव्या डोळ्याने धूसर दिसतं. ऊन घ्यावं की टाळावं? आणि डी वाढलं की आजार आटोक्यात येतो का?

उत्तर १

कोवळ्या उन्हाने मन प्रसन्न होतं, पण डी जवळजवळ मिळत नाही. सकाळचे किरण तिरपे येतात, वातावरणातून लांबचा पल्ला कापतात आणि त्यातला यूव्हीबी (त्वचेत डी बनवणारा अतिनील किरणांचा भाग) ओझोनमध्येच शोषला जातो. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हाचं ऊन कामाचं. बंद खिडकीच्या काचेतूनही यूव्हीबी येत नाही.

एमएसमध्ये अडचण इथेच आहे, कारण कामाचं ऊन म्हणजे तापलेलं ऊन. मायेलिन (नसेवरचं आवरण) गेलेल्या नसेतून संदेश आधीच जेमतेम जातो. शरीराचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी तो अडखळतो. याला उथॉफ फेनॉमेनन म्हणतात. अंग थंडावलं की लक्षणं उतरतात, त्याने नवी इजा होत नाही. मात्र ताप नसताना तक्रार २४ तासांहून जास्त टिकली तर तो रिलॅप्स (आजाराचा नवा झटका) असू शकतो, डॉक्टरांना लगेच कळवा.

नागपुरात डिसेंबर-जानेवारीत भर दुपारी १०-१५ मिनिटं हातपाय उघडे ठेवून बसायला हरकत नाही. मार्च ते जून ऊन विसरा, तेव्हा पुडीच बरी. बाहेर जावंच लागलं तर आधी गार पाणी प्या, मानेवर ओला पंचा ठेवा. विदर्भाच्या कोरड्या हवेत पंचा आणि कूलर दोन्ही छान चालतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत पाणी उडतच नाही, तिथे बर्फाच्या जेलपॅकचं जॅकेट किंवा एसी लागतो. लघवीच्या घाईला घाबरून पाणी कमी करू नका, उन्हाळ्यात ते फार महागात पडतं.

उत्तर २

पुडीबद्दल. ती आठवड्याची आहे, रोजची नाही. ही गल्लत खरंच होते. रोज घेतली तर रक्तातलं कॅल्शियम चढतं: मळमळ, बद्धकोष्ठता, सतत तहान, गोंधळलेपण, पुढे किडनीला इजा. यातल्या बऱ्याच गोष्टी एमएसच्याच वाटतात, म्हणून लक्षात येत नाहीत. पुडी दुधातून किंवा जेवणानंतर घ्या, डी स्निग्धासोबत शोषलं जातं. साधारण तीन महिन्यांनी डी आणि कॅल्शियम दोन्ही तपासा. दुकानदाराने बदली म्हणून कॅल्सिट्रिऑल दिलं तर घेऊ नका. ते डीचं सक्रिय रूप आहे, साठा भरून काढायचं औषध नव्हे.

प्रश्नकर्ती

धन्यवाद. चेहऱ्याच्या कळांसाठी ती कार्बामाझेपिन घेते, केसांसाठी बायोटिनही. चालेल ना?

उत्तर २

बरं झालं विचारलंत. कार्बामाझेपिनमुळे यकृत डी लवकर मोडून टाकतं, त्यामुळे नेहमीचा डोस अपुरा पडू शकतो. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना आठवण करून द्या. बायोटिन काही लॅबच्या पद्धतीत डीचा आकडा खोटा वाढवून दाखवतं. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस थांबवा आणि लॅबला सांगा.

उत्तर ३

डी कमी असलेल्यांत एमएसचा धोका जास्त दिसतो, हे अनेक अभ्यासांत आलंय. पण आजार झाल्यावर डी देऊन काय होतं, यावर निकाल मिश्र आहेत. अमेरिकेतल्या ‘विडाम्स’ चाचणीत रोज ५,००० आणि ६०० युनिट यांत रिलॅप्सचा फरक पडला नाही. २०२५ मध्ये आलेल्या फ्रान्सच्या ‘डी-ले एमएस’ चाचणीत, आजाराच्या अगदी सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी १ लाख युनिट दिल्यावर दोन वर्षांत ६०.३ टक्के रुग्णांत आजार सक्रिय राहिला, प्लासिबो (औषध नसलेली नकली गोळी) घेणाऱ्यांत ७४.१ टक्के. हा फरक मुख्यतः एमआरआयवरचा. म्हणून डी हे जोड-औषध, मूळ औषधाच्या जागी नाही. ‘भरमसाठ डीने एमएस बरा’ असे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागून किडनी गमावू नका.

तरीही ११ वर थांबायचं नाहीच. रिलॅप्समध्ये मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड वारंवार द्यावं लागलं, त्यात चालणं कमी झालं, तर हाडं ठिसूळ होतात. तोल जाऊन पडल्यावर खुब्याचं हाड मोडलं तर पुन्हा उभं राहणं कठीण होतं. स्टेरॉइडचे कोर्स बरेच झाले असतील तर डेक्सा स्कॅनबद्दल (हाडांची घनता मोजणारी तपासणी) याच भेटीत विचारा.