मदत हवी आहे: आईबाबांना घेऊन कुंकळ्ळीची व्हिस्की डिस्टिलरी बघायचीय
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर सोलापूरहून गाडीने गोव्याला निघतोय. बाबांनी ३० वर्षं साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत काढली, मळीपासून स्पिरिट बनवण्यात. आता कुंकळ्ळीला पॉल जॉनमध्ये बार्लीपासून, तांब्याच्या भांड्यांतून सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या बार्लीची बनवलेली व्हिस्की) कशी उतरते ते त्यांना डोळ्यांनी बघायचंय. स्कॉटलंडमध्ये मुरायला ठेवलेल्या लाकडी पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के व्हिस्की उडून जाते आणि आपल्या उकाड्यात कितीतरी जास्त, हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलतो!

कुणी जाऊन आलंय का? टूरचं बुकिंग किती दिवस आधी करावं? आई पीत नाही, शाकाहारी आहे, गुडघेही दुखतात. आत जिने फार आहेत का? दुपारचं जेवण तिथेच होईल की मडगावला उरकून जावं?