मदत हवी आहे : घरच्या सोयाबीनची उगवण ६१ टक्के, पेरावं का?

नमस्कार मंडळी. औसा तालुक्यात (लातूर) साडेचार एकर सोयाबीन असतं. गेल्या हंगामातलं फुले संगम (केडीएस ७२६) हे वाण बियाण्याला वेगळं काढून ठेवलं होतं. काढणीला पावसानं गाठलं, त्यात मळणीवाल्यानं घाईत यंत्र जोरात पळवलं. सोयाबीनचं टरफल पातळ, तिथंच मार बसला असणार.

उगवण तपासायला ओल्या गोणपाटात दाणे गुंडाळून ठेवले होते, ते काल उघडलं. शंभर-शंभर दाण्यांच्या तीन गुंडाळ्या होत्या, त्यात उगवले : ६४, ५८, ६१. पण त्यात काही मोड वाकडे, काहींना एकच डाळ शिल्लक. मी तेही उगवलेल्यातच धरलेत. चुकलं का?

७० टक्के उगवणीला एकरी ३० किलो बियाणं, या हिशेबानं ६१ ला साधारण साडेचौतीस किलो होतं. वाकडे मोड वजा केले तर आकडा पन्नाशीवर येतो. मग नुसतं बियाणं वाढवून भागेल? की चाळून, फुटके दाणे वेचून पुन्हा तपासू?

बीजप्रक्रिया मुद्दाम थांबवली आहे. एकदा थायरम (बुरशीनाशक) लावलं की ते ना खाता येत, ना विकता येत. आई म्हणते, नाही पेरलंस तर भाजून गव्हात दळू. पण दीड क्विंटल सोयाबीनच्या पोळ्या खाणार कोण!

इतक्या कमी उगवणीचं बियाणं बीबीएफवर (रुंद वरंबा-सरी) कुणी पेरलंय का? किती पेरलं आणि शेवटी ओळीत झाडं किती राहिली, तेवढं सांगा.