बंद पडलेल्या स्टुडिओतले जुने रोल: काय करावं?

प्रश्न (दारव्हा): इंदू या देशी ब्रँडच्या फिल्मचे कृष्णधवल 120 चे (कागदी पट्टीसकट गुंडाळलेले रुंद रोल) 8 रोल, कोडॅक्रोम 64 या रंगीत स्लाइड फिल्मचे 2. पंचवीसेक वर्षं पत्र्याच्या खोलीत होते. वापरता येतील?

उत्तर (वरोरा): भाऊ, आधी वापरलेले-कोरे वेगळे करा. 120 च्या कागदी पट्टीवर ‘एक्स्पोज्ड’ छापलेलं दिसलं तर आत कुणाचे तरी फोटो आहेत. ते फेकू नका. 35 मिमी रोलची जीभ (फिल्मचं बाहेर राहणारं टोक) डबीत गेली असेल तर तो बहुधा वापरलेला.

कोऱ्या इंदूवर उन्हाळ्यांचं धुकं, म्हणजे उष्णतेने येणारा करडेपणा, चढलेलं असणार. फिल्मचा वेग (ISO) 125 लिहिला असेल तर 50 किंवा 25 धरून फोटो काढा. एक रोल चाचणीत घालवाच.

उत्तर (आर्वी): रोल धुताना घाण होते ती पाण्याच्या तापमानाने. मे महिन्यात टाकीचं पाणी 35 अंशांच्या वर असतं, इमल्शन (फिल्मवरचा चित्राचा थर) सुटतं. माठातल्या पाण्यात बर्फ घालून परात भरा, डेव्हलपरची (चित्र उमटवणाऱ्या रसायनाची) बाटली त्यात ठेवा. डेव्हलपरमध्ये 20 अंशांला 10 मिनिटं लागत असतील तर 24 ला साधारण 7. बोअरचं पाणी जड, डाग पडतात. शेवटचं खंगाळणं बॅटरीच्या पाण्याने करा.

उत्तर (वरोरा): कोडॅक्रोमचं उत्पादन 2009 मध्ये थांबलं. त्याची रंगीत धुण्याची के-14 प्रक्रिया आता कुठेच होत नाही, त्यामुळे रंग विसरा. कृष्णधवल म्हणून धुता येतो. मागचा काळा थर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात मऊ करून शेवटी ओल्या स्पंजने पुसा. पिवळट झाक राहते, स्कॅनला चालते.