मदत हवी आहे: ऑइल सेपरेटर बदलला, तरी आयडल डगमगतंय

पेट्रोल इंजिन, टर्बो नाही. सेपरेटरचा (क्रँककेसमधल्या वाफेतून ऑइल वेगळं करणारा भाग) डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, फाटला होता: शिट्टीसारखा आवाज, ऑइल कॅप उचलताना जबर ओढ. सेपरेटर आणि होस नवे टाकले, शिट्टी थांबली. पण पी०१७१ कोड (मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी) परत येतोच. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (इंजिनचा कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय ते) आयडलला +१८ टक्के, २५०० आरपीएमला +४. म्हणजे एमएएफच्या (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) पुढे कुठूनतरी हवा शिरतेय. खुद्द एमएएफवर संशय नाही. तिसऱ्या प्लगचं इलेक्ट्रोड काळं, तेलकट; कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला सारखं.

जास्तीच्या व्हॅक्यूमने क्रँकचं मागचं सील (क्रँकशाफ्टच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाचं ऑइल सील) आत ओढलं गेलं असेल का? गिअरबॉक्स उतरवण्याआधी हे नक्की कसं ठरवायचं? स्मोक टेस्ट (धूर सोडून गळती शोधणं) इनटेकमधून करावी की डिपस्टिकच्या नळीतून? इनटेकमध्ये साचलेलं ऑइल आधी पुसून काढतोय, नाहीतर ते जळून येणारा निळा धूर दिशाभूल करेल.