शाळेत पोरांनी पोरांना दिलेला त्रास : नाशिककरांनो, अनुभव लिहा

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीतल्या सातवीतल्या मुलाचा चष्मा सारखा फुटायचा. घरी सांगायचा, 'पडलो.' शेवटी व्हॅनवाल्या काकांनीच सांगितलं, मागच्या सीटवर रोज टपल्यांचा कार्यक्रम चालतो. शिक्षकांच्या छडीवर पुष्कळ लिहून झालंय, ते इथे नको. शाळेचं नाव टाळा. थांबलं असेल तर कशामुळे, हे मात्र लिहाच.

बागलाणकरीण : पाचवीला सटाण्याहून सिडकोत मावशीकडे आले. घरी अहिराणी. वर्गात तोंडून 'काय करी राह्यनी?' निघून गेलं आणि वर्षभरासाठी तेच माझं नाव पडलं. हजेरीला मी 'हजर' म्हटलं की मागून कोणीतरी 'राह्यनी' जोडायचं. डब्यात कळण्याची भाकरी दिसली की नाकं मुरडायच्या, मग डबाच गायब. तो मिळायचा मुलींच्या बाथरूमच्या खिडकीत, उघडा. मी पाण्याच्या टाकीमागे घाईघाईने खायला लागले. हात कुणीच उगारला नव्हता, तक्रार तरी काय करणार? सहावीत मालेगावकडची एक धिप्पाड मुलगी आली. तिने पहिल्याच दिवशी भर वर्गात अहिराणीत असं काही सुनावलं की बाईसुद्धा हसल्या. त्यानंतर टाकीमागे गेले नाही. पण दुसरी कुणी आलीच नसती तर? शाळेने काहीच केलं नव्हतं.

सातपूरचा : 2015, सिंहस्थाचं वर्ष, मी नववीत. शाळा सुटल्यावर गेटबाहेर दहावीची टोळी. पैसे द्या, नाहीतर बेल्टचं बक्कल. पप्पा फर्स्ट शिफ्ट करून कंपनीच्या ड्रेसवरच शाळेत गेले. उत्तर मिळालं, 'मुलं आहेत, चालायचंच. आणि गेटबाहेरचं आम्ही कसं बघणार?' दुसऱ्या दिवशी पप्पांनी अर्ज लिहून नेला आणि क्लार्ककडून दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. त्याच संध्याकाळी गेटवर पीटीचे सर उभे!

जुना_नाशिककर : आम्हीही मार खाल्ला, काही बिघडलं नाही. आजची पोरं नाजूक.

बागलाणकरीण : काका, बिघडलं ते सांगायला कुणी येत नाही.

वर्गशिक्षिका : शिक्का हाच मुद्दा. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदी कायदा 1999 चा. तो फक्त कॉलेजचा समजतात, पण त्यातल्या व्याख्येत शिक्षण देणारी कुठलीही संस्था येते, वसतिगृह आणि शिकवणीसुद्धा. लेखी तक्रार आली की प्रमुखाला 7 दिवसांत चौकशी करावी लागते. तोंडी सांगितलेलं स्टाफरूममध्ये चहाबरोबर विरतं, हे मी आतून सांगते. युनेस्कोच्या 2019 च्या अहवालात जगभरातल्या जवळपास तीनपैकी एका विद्यार्थ्याने आदल्या महिन्यात असा त्रास झाल्याचं म्हटलंय. माझा अनुभव असा की वर्गात फार कमी घडतं. जिना, बाथरूमचा पॅसेज, व्हॅन, म्हणजे जिथे कुणाची ड्युटी नसते तिथे. मधल्या सुट्टीत मी पॅसेजमध्येच डबा खाते, तेवढ्याने निम्मं कमी झालं.

देवळाली_कॅम्प : मुलीचा फोटो एडिट करून ग्रुपवर स्टिकर फिरवले. डिलीट करू नका, आधी स्क्रीनशॉट. शाळा ऐकत नसेल तर 1098, मुलांसाठीची हेल्पलाइन. मूल स्वतःही फोन करू शकतं.

धागाकर्ता : चष्म्याचं कळवतो. त्याला पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलंय, अर्ज सोमवारी देणार. मागच्या सीटवर आता तिसरीतला एक जण बसतो, त्याच्या आईलाही सांगून आलो.