मदत हवी आहे: फुफ्फुसाच्या चिपसाठी पीडीएमएस या सिलिकॉन रबराऐवजी कोणता पडदा?

नमस्कार. पोस्टडॉकसाठी मी चिपवर, म्हणजे जिवंत पेशी वाढवायच्या छोट्या उपकरणात, पल्मनरी फायब्रोसिसचं (फुफ्फुसात व्रणासारखी कडक ऊती साचण्याच्या आजाराचं) मॉडेल उभं करतेय. रचना हार्वर्डच्या डोनाल्ड इंगबर यांच्या गटाने २०१० मध्ये मांडली तीच: मध्ये सच्छिद्र पडदा, वर एपिथेलियल (फुफ्फुसाच्या अस्तराच्या) पेशी आणि हवा, खाली रक्तवाहिनीच्या पेशी आणि वाहतं मीडियम (पेशींचं पोषक द्रव), बाजूच्या पोकळ्यांतल्या व्हॅक्यूमने श्वासासारखा ताण.

अडचण पडद्याची आहे. पीडीएमएसचा कडकपणा मेगापास्कलमध्ये, तर निरोगी फुफ्फुसाचा जेमतेम काही किलोपास्कल. त्यामुळे माझे फायब्रोब्लास्ट (ऊतीचे तंतू बनवणाऱ्या पेशी) टीजीएफ-बीटा हा फायब्रोसिस सुरू करणारा संकेत-रेणू न देताच मायोफायब्रोब्लास्टकडे, म्हणजे आजारातल्या आकुंचन पावणाऱ्या रूपाकडे, झुकतात. मग निरोगी कंट्रोल कशाला म्हणायचं? या आजारात ऊतीचा कडकपणाच आजार वाढवतो, म्हणून हा मुद्दा मला सोडवत नाही. शिवाय पीडीएमएस तेलात विरघळणारे रेणू शोषून घेतं, म्हणजे निन्टेडॅनिब हे या आजारावरचं औषध दिलं तरी पेशींपर्यंत किती पोचलं हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

कोलॅजन-इलास्टिनचा पडदा कोणी वापरलाय का? १० टक्के ताणाखाली तो किती दिवस टिकतो? गळती कशी तपासता? टाइप २ पेशींची (वायुकोशाच्या अस्तरातल्या, सर्फॅक्टंट बनवणाऱ्या पेशींची) ओळख टिकवण्यासाठी काही जमलं असेल तर तेही सांगा. फसलेले प्रयोगही नक्की कळवा, मला त्यांचा तितकाच उपयोग होईल.