गेमिंग संगणक: जुना बोर्ड ठेवून फक्त प्रोसेसर बदलावा, की बोर्ड-प्रोसेसर-रॅम सगळेच नवे घ्यावे?

पर्वती पायथा (धागाकर्ता)

माझ्या संगणकात एएमडीचा रायझन ५ २६०० हा प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा (बोर्डवरील नियंत्रक चिपचा) मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ (आधीच्या पिढीची) रॅम आणि आरएक्स ६६०० हे ग्राफिक्स कार्ड आहे. मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्झचा आहे. टिळक रस्त्यावरच्या दुकानांत चौकशी केली, तेव्हा बहुतेकांनी आता एएम५ या एएमडीच्या नव्या सॉकेटचा (प्रोसेसर बसवण्याच्या जागेचा) पूर्ण संच घेण्याचा सल्ला दिला. मला तो पटत नाही. माझ्या बोर्डवरच्या एएम४ या जुन्या सॉकेटचे मोठे वैशिष्ट्य हेच आहे की २०१८ च्या बी४५० बोर्डवर बायोस (बोर्डमधील मूळ आज्ञावली) अद्ययावत केले की रायझन ५००० मालिकेतले प्रोसेसर चालतात. रायझन ५ ५६०० बसवला तरी कोअर सहाच राहतात, परंतु त्याच्या झेन ३ रचनेत सहाही कोअरना ३२ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरमधलीच जलद मेमरी) एकत्र वापरता येते, तर २६०० मध्ये १६ एमबी कॅशे आठ-आठच्या दोन गटांत विभागलेली आहे. खेळांमध्ये जाणवणारा फरक प्रामुख्याने इथून येतो. ५७००एक्स३डी मिळाला तर आठ कोअर आणि ९६ एमबी कॅशे मिळते. बोर्ड, रॅम, कूलर हे सारे तसेच राहत असताना तिन्ही वस्तूंवर खर्च का करावा, असा माझा प्रश्न आहे.

मुळाकाठ

आपले गणित आजच्या दिवसापुरते बरोबर आहे, पण संगणक आजच्या दिवसापुरता घेतला जात नाही. एएम४ ची वाट ५८००एक्स३डी आणि ५७००एक्स३डी यांच्यापाशी संपते आणि हे दोन्ही प्रोसेसर नवे मिळणे आता अवघड झाले आहे. याउलट एएम५ सप्टेंबर २०२२ मध्ये आले आणि ते २०२७ पर्यंत व त्यापुढेही चालू ठेवू, असे एएमडीने जाहीर केले आहे. आज एएम५ च्या बी६५० बोर्डवर रायझन ५ ७६०० घेतला, तर पुढे त्याच बोर्डवर ९८००एक्स३डी किंवा त्यानंतरचा एखादा प्रोसेसर बसवता येईल. बी४५० वर ज्या सोयीचे आपण कौतुक करत आहात, तीच सोय पुढची काही वर्षे एएम५ वर मिळणार आहे.

आणखी एक मुद्दा दुर्लक्षिला जातो. आरएक्स ६६०० हे कार्ड पीसीआयई ४.० (कार्ड आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या मार्गाची आवृत्ती) च्या केवळ आठ लेन वापरते. बी४५० वर पीसीआयई ३.० च मिळते, त्यामुळे प्रोसेसर कोणताही बसवला तरी कार्डाला निम्मीच बँडविड्थ मिळणार.

पर्वती पायथा

लेनचा मुद्दा तत्त्वतः खरा आहे, परंतु ८ जीबी मेमरीच्या कार्डावर १०८०पी ला खेळताना त्याचा परिणाम थोडाच होतो. टेक्श्चर इतके वाढवले की कार्डाची मेमरी भरून वाहू लागली, तरच तो ठळकपणे दिसतो.

खरा अडथळा डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमचा आहे. एएम५ वर डीडीआर४ चालतच नाही आणि २०२५ च्या अखेरीपासून एआय केंद्रांच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले आहेत. एएम५ साठी सर्वसाधारणपणे ६००० वेगाची, ३० लेटन्सीची (विलंबाची) जोडी सुचवली जाते. तिची किंमत धरली की 'थोडे जास्त घालून सगळे नवे' हे गणित कोलमडते.

भुसारी कॉलनी

कोणताही निर्णय घेण्यापूर्वी अडचण प्रोसेसरचीच आहे ना, हे तपासले गेले आहे का? या चर्चेत हे सर्वांत आधी यायला हवे होते. खेळ चालू असताना ग्राफिक्स कार्डाचा वापर पडद्यावर दाखवावा. तो सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्डच पूर्ण राबत आहे आणि प्रोसेसर बदलून फारसे काही मिळणार नाही. वापर ६०-७० टक्क्यांवर घुटमळत असेल, आणि रिझोल्यूशन ७२०पी वर आणूनही दर सेकंदाच्या फ्रेम्स वाढत नसतील, तर दोष प्रोसेसरकडे जातो. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ यांसारख्या खेळांत कमी सेटिंगवर हे हमखास दिसते. जड, चित्रमय खेळांत बहुधा दिसत नाही.

आणि तिसरा मार्गही आहे. इंटेलचा आय५-१२४००एफ डीडीआर४ च्या बोर्डवर चालतो, त्यामुळे आपली रॅम वाया जात नाही आणि बोर्ड नवा मिळतो.

मुळाकाठ

तपासणीचा सल्ला उत्तम आहे, पण इंटेलच्या पर्यायाला माझा स्पष्ट विरोध आहे. १२४००एफ चे एलजीए१७०० सॉकेट १४ व्या पिढीपाशी संपले आणि ऑक्टोबर २०२४ पासून इंटेल एलजीए१८५१ कडे वळले. म्हणजे नवा बोर्ड विकत घेऊन पुन्हा बंद गल्लीतच शिरायचे. शिवाय पुढे १३ व्या-१४ व्या पिढीचा वापरलेला मोठा प्रोसेसर घ्यावासा वाटला, तर त्यांतील अस्थिरतेचा दोष ध्यानात ठेवावा लागेल. ऑगस्ट २०२४ च्या मायक्रोकोडपूर्वी (तो दोष आवरणाऱ्या सुधारणेपूर्वी) तो प्रोसेसर कसा वापरला गेला हे कळायला मार्ग नाही.

भुसारी कॉलनी

१२ व्या पिढीत तो दोष नाही, एवढे नोंदवतो. बाकी सॉकेटच्या आयुष्याचा मुद्दा मान्य आहे, परंतु जो माणूस २६०० इतकी वर्षे वापरतो, तो मधल्या काळात प्रोसेसर बदलेलच असे गृहीत का धरावे?

पर्वती पायथा

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण एएम५ च्या बाजूचा सारा युक्तिवाद पुढे होणाऱ्या खरेदीवर उभा आहे. बोर्ड न बदलण्याचा आणखी एक लाभ आहे: संगणकाबरोबर आलेला विंडोजचा ओईएम परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो आणि बोर्ड बदलला की तो सहसा जातो.

वापरलेला ५७००एक्स३डी घेताना मात्र दुकानातच त्याच्या पिना उजेडात धरून पाहाव्यात, कारण एएम४ मध्ये त्या प्रोसेसरवर असतात. जुना २६०० काढतानाही संगणक थोडा वेळ चालवून कूलरखालची उष्णतावाहक पेस्ट गरम होऊ द्यावी आणि कूलर हळूहळू फिरवत सोडवावा; सरळ ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून त्याच्याबरोबर उपटून येतो.

मुळाकाठ

रॅमच्या भावाविषयी आपण जे म्हणता त्याची दुसरी बाजूही मांडतो. २०२५ मध्ये डीडीआर४ चेही भाव चढले आहेत, त्यामुळे आपल्या १६ जीबी रॅमला, बोर्डाला आणि २६०० ला मिळून आज बरी किंमत येईल, आणि ती नव्या संचातून वजा केली तर दोन मार्गांतले अंतर आपण समजता तेवढे उरत नाही. ५६०० बसवल्यावर हाच बोर्ड आणखी काही वर्षांनी विकायला काढाल, तेव्हा त्याला कोण विचारणार?

पर्वती पायथा

विक्रीची किंमत मी धरली नव्हती, ती धरून पाहीन. तरीही आधी भुसारी कॉलनी यांनी सांगितलेली तपासणी करतो. कार्डच पूर्ण राबत आहे असे निघाले, तर ना ५६०० घेईन ना ७६००; तो पैसा ग्राफिक्स कार्डाकडे जाईल.